जुनी स्वयंचलित मोटार आणि तिची जुळवणी



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असले विषय ऐकण्याची आपल्याला सवय असते. त्या पंगतीत एका जुन्या मोटारीच्या इंजिनाला आणून बसवले, तर काही मंडळींच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. पण तासगावच्या माणसाला इंजिन हा काही परका विषय नव्हे. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करण्यात ज्यांचे तारुण्य गेले, असे कितीतरी वडीलधारे आज समोर बसले असतील. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या उजाड माळावर आपला कारखाना थाटला, ती किर्लोस्करवाडी आपल्या शेजारचीच. इंजिनाचे कॉम्प्रेशन गेले, टॅपेट वाजतो आहे, टायमिंग चुकले आहे, ही भाषा आपल्याकडे बांधावरसुद्धा समजते. तेव्हा विषय मांडताना मला फारसा संकोच वाटत नाही.

या विषयाला एक निमित्त घडले, ते आधी सांगतो. माझे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. पुष्कळ वर्षांपूर्वी एका अपघातात त्यांचा डावा गुडघा कायमचा अधू झाला. चालता येते, पण क्लच दाबता येत नाही. म्हणून त्यांनी हौसेने नव्हे, तर गरजेने, एक जुनी लहान ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लचचे पेडल नाही, डाव्या पायाला काम नाही. पत्नीला सांगलीला दवाखान्यात न्यायचे, मुलीला भेटायला पुण्याला जायचे, ते कोणाच्याही मिनतवाऱ्या न करता त्यांना जमू लागले. काही वर्षांपूर्वी पुण्याहून परत येताना खंबाटकीचा घाट चढत असता गाडीचे इंजिन ओरडू लागले आणि गाडी मात्र पुढे सरकेना. मागे मालमोटारींचे भोंगे, शेजारी घाबरलेली पत्नी, आणि नाकाला काहीतरी करपल्याचा वास. कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्धा तास निववली, तेव्हा ती हळूहळू वर आली. त्या दिवसानंतर मास्तरांनी पुण्याचे नाव काढणे सोडले.

गावात आल्यावर चार जाणत्यांनी चार सल्ले दिले. एक म्हणाला, मोठा कार्ब्युरेटर बसवा. दुसरा म्हणाला, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवा. तिसऱ्याने मोठ्या गाडीचे इंजिन टाकण्याची टूम काढली. चौथा म्हणाला, हे ऑटोमॅटिकचे लोढणे काढून टाका आणि साधा गिअरबॉक्स बसवा. हा शेवटचा सल्ला देणाऱ्याला कल्पना नव्हती की, तो मास्तरांना त्यांची मोटार विकूनच टाका असे सांगत आहे.

आता असा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे का दिला जातो, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईस शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला तो १९२८ साली. त्याच कंपनीने १९३९च्या अखेरीस अमेरिकेत पूर्णपणे स्वयंचलित गिअरची, ‘हायड्रामॅटिक’ नावाची पेटी ओल्डस्मोबिल गाड्यांत देण्यास सुरुवात केली. म्हणजे ही विद्या काही कालपरवाची नाही. आपल्याकडे मात्र पुढची वाट निराळी झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला. त्यांचेच नाव पुढे सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मिळाले. त्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आली, तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. बंगालमधून अँबॅसिडर आली. परवान्यांच्या त्या काळात वर्षानुवर्षे रस्त्यावर याच दोन-तीन जातीच्या मोटारी दिसत, आणि त्यांना हाताने टाकायचे गिअर असत. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली, तीही क्लचचीच. नव्वदच्या दशकात मारुती झेनसारख्या लहान गाडीला तीन गिअरांची स्वयंचलित पेटी मिळाली, पण तशा गाड्या थोड्याच. याचा परिणाम असा झाला की, आपल्याकडचा मिस्त्री क्लचप्लेट डोळे मिटून बदलील, पण ऑटोमॅटिक पेटी उघडण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात क्वचितच आला. जे कधी हाताळलेच नाही, ते काढून टाकावे असे वाटणे स्वाभाविक आहे. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. २०१४ साली आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे ज्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या दिसू लागल्या, त्यांपैकी पुष्कळांत गिअरबॉक्स साधाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्राचा हात करतो. काही गाड्यांत पट्टा आणि कप्प्या असतात. आज मी बोलणार आहे ते या दोन्हींविषयी नव्हे, तर तेलावर चालणाऱ्या जुन्या, खऱ्याखुऱ्या ऑटोमॅटिक पेटीविषयी.

ही पेटी चालते कशी? दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दोघांत कसलाही दांडा नाही, तरी एकाची गती दुसऱ्याला मिळते. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागात हेच घडते. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेली पाती तेल फेकतात, त्या तेलाच्या लोटाने समोरची पाती फिरतात आणि गाडी चालू लागते. दोहोंच्या मध्ये आणखी एक लहान चक्र असते. ते परत येणाऱ्या तेलाला असे वळवते की, गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा फिरवण्याचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन चाकाकडे जातो. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. हा जोर फुकट मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. तेल घुसळले की तापते. इंजिनाची जी शक्ती चाकापर्यंत पोहोचत नाही, ती उष्णता होऊन तेलात उतरते.

कन्व्हर्टरच्या मागे खुद्द गिअर असतात. ते बदलण्यासाठी आत लहान लहान क्लच आणि पट्टे असतात आणि त्यांना आवळून धरण्याचे काम पुन्हा तेलाचा दाबच करतो. दाब पुरेसा असला तर क्लच घट्ट बसतो. कमी पडला तर घसरतो, घसरला की करपतो. कोणता गिअर केव्हा पडावा, हे ठरते दोन खबरींवरून. एक खबर गाडीच्या वेगाची. दुसरी खबर चालकाच्या पायाची, म्हणजे ॲक्सिलरेटर किती दाबला आहे याची. ही दुसरी खबर जुन्या गाड्यांत एका साध्या तारेच्या केबलने जाते. काही गाड्यांत इंजिनातील निर्वाताच्या नळीने जाते. ती केबल कार्ब्युरेटरला अडकवलेली असते. आता ध्यानात आले असेल की, कार्ब्युरेटर बदलणारा मिस्त्री नकळत गिअरबॉक्सलाही हात घालतो.

ट्यूनिंग हा शब्द मुळात संगीतातला. आपल्या शेजारी मिरजेला तंबोरे आणि सतारी घडतात, त्यांची कीर्ती देशभर आहे. तंबोरा कितीही उत्तम असो, तो लावायचा असतो गवयाच्या सुराला. तार सहन करते म्हणून खुंटी पिळत गेले, तर तंबोरा वाजेल, पण गवई गाऊ शकणार नाही. मोटारीतही असेच आहे. साध्या गिअरबॉक्सच्या गाडीत इंजिनाचा स्वभाव थोडा बदलला, तरी चालक आपल्या हातापायाने सांभाळून घेतो. जरा उशिरा गिअर टाकतो, जरा जास्त रेस देतो. ऑटोमॅटिक पेटीला हे तारतम्य नसते. ती कारखान्यात एका विशिष्ट इंजिनाच्या जोरासाठी, एका विशिष्ट वजनासाठी लावून दिलेली असते. म्हणून जुन्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन किती वाढवता येईल हा प्रश्न दुसरा. पेटीला काय पेलवेल हा पहिला.

आणि त्याच्याही आधी एक प्रश्न आहे. गाडीचा जोर मुळातच कमी होता, की होता तो हरवला आहे? वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत बहुधा दुसरेच असते. नवा जोर विकत घेण्यापूर्वी हरवलेला शोधावा. तो शोधण्याचा एक क्रम आहे.

प्रथम गाडी उचलून चाके हाताने फिरवून पाहावीत. ब्रेक धरत असतील, तर इंजिन कितीही चांगले असून उपयोग नाही. मग टायर पाहावेत. दिसायला भारदस्त म्हणून मोठे रिम आणि मोठे टायर घालण्याची हौस आपल्याकडे फार. चाकाचा व्यास शेकडा दहाने वाढला की, रस्त्यावर मिळणारी ओढ जवळजवळ तेवढीच कमी होते. म्हणजे पैसे देऊन आपणच घाट अधिक उभा करून घेतो. 

त्यानंतर इंजिन. कॉम्प्रेशन मोजण्याचे मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहावा. सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असतील आणि कंपनीच्या आकड्याला धरून असतील, तर रिंगा आणि झडपा शाबूत आहेत असे समजावे. एकच सिलिंडर खाली असेल, तर कोणतेही ट्यूनिंग करण्यात अर्थ नाही; आधी दुरुस्ती. मग प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, टॅपेटचे अंतर आणि ठिणगीचे टायमिंग. ही किरकोळ वाटणारी कामे आहेत. पण ठिणगी काही अंश उशिरा पडू लागली, तर इंजिन चालते, आवाजही ठीक वाटतो, आणि चढावर मात्र दम सुटतो. शेवटी सायलेन्सर. उत्प्रेरकाचा डबा असलेल्या गाडीत तो आतून तुंबला असेल, तर इंजिनाचा श्वासच कोंडतो.

तिसरी पायरी पेटीच्या तेलाची. बहुतेक गाड्यांत हे तेल गाडी गरम झाल्यावर, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून मोजायचे असते. काहींत रीत निराळी असते, म्हणून कंपनीचे पुस्तक पाहावे. चांगले तेल लालसर असते. ते तपकिरी-काळे झाले असेल आणि करपट वास येत असेल, तर आतले क्लच घसरून जळत आहेत. याविषयी तज्ज्ञांत एक ढोबळ नियम सांगतात: तेलाचे तापमान सुमारे ऐंशी अंशांच्या वर गेले की, पुढच्या प्रत्येक दहा-बारा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होत जाते. उन्हाळ्यात, भरल्या गाडीने, घाटात काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

यानंतर एक परीक्षा आहे, तिला स्टॉल टेस्ट म्हणतात. गाडी मोकळ्या जागेत उभी करून, पुढे-मागे माणूस नसल्याची खात्री करून, चाकांना दगड लावून, ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’मध्ये टाकायची आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते पाहायचे. पाच सेकंदांहून अधिक काळ दाबायचे नाही, कारण तेवढ्यातही तेल भराभर तापते. बहुतेक जुन्या लहान गाड्यांत हा आकडा दोन ते अडीच हजारांच्या आसपास असतो. नेमका पुस्तकात दिलेला असतो. फेरे कमी आले तर दोष बहुधा इंजिनाचा. त्याच्यात जोरच नाही. जास्त आले तर इंजिन जोर देत आहे, पण पेटी घसरत आहे. ही परीक्षा जाणत्या मिस्त्र्यानेच करावी, घरी हौस म्हणून करू नये. पण ती केल्याशिवाय इंजिनावर हजारो रुपये घालू नयेत, हेही तितकेच खरे.

आता ट्यूनिंगच्या निरनिराळ्या मार्गांकडे वळू.

पहिला मार्ग इंजिनाला अधिक हवा-पेट्रोल देण्याचा: मोठा कार्ब्युरेटर, मोकळा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर. याने शक्ती वाढते, पण ती वाढते चढ्या फेऱ्यांवर. ऑटोमॅटिक पेटीला हवा असतो खालच्या फेऱ्यांवरचा जोर, कारण सुटताना आणि चढताना कन्व्हर्टर तेथेच काम करत असतो. कार्ब्युरेटर फार मोठा झाला, तर खालच्या फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट मिसळत नाही, आणि चढावर गाडी पूर्वीपेक्षा आळशी होते. आवाज तेवढा वाढतो, आणि आवाजाला आपण जोर समजतो.

दुसरा मार्ग हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा आणि कॅम बदलण्याचा. कॉम्प्रेशन बेताने वाढवले तर खालच्या फेऱ्यांवरही लाभ होतो, हे खरे. पण मर्यादा ओलांडली की इंजिन नॉकिंग करू लागते, म्हणजे पेट्रोल वेळेआधी भडकून दट्ट्यावर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. मग मिस्त्री टायमिंग मागे घेतो, आणि मिळवलेले सगळे गमावतो. तिखट कॅम तर ऑटोमॅटिक गाडीला जवळजवळ वर्ज्यच समजावा. त्याने इंजिनाचे स्लो बसत नाही. स्लो वाढवून ठेवले, तर सिग्नलला ब्रेक सोडताच गाडी पुढे झेपावते आणि ‘डी’त टाकताना प्रत्येक वेळी धक्का बसतो. शिवाय इंजिनातील निर्वात कमी होतो, आणि ज्या गाड्यांत पेटीला खबर निर्वाताच्या नळीने जाते, त्यांत पेटीची समजूत होते की चालकाने पाय दाबून धरला आहे.

तिसरा मार्ग संगणकाचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पुष्कळ गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आले, आणि पेट्रोल किती द्यावे, ठिणगी केव्हा पाडावी हे एक लहानसा संगणक ठरवू लागला. त्यातील आकडे बदलून देणारे लोक आता मोठ्या शहरांत आहेत. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात याने पडणारा फरक थोडाच. शेकडा पाच-दहा मिळाला तरी पुष्कळ. टर्बो डिझेल गाडीत मात्र जोर एकदम चौथाईने वाढू शकतो, आणि धोका नेमका तेथेच आहे. इंजिनाला तो पेलतो, पेटीच्या क्लचना पेलत नाही. 

चौथा मार्ग टर्बो बसवण्याचा किंवा इंजिनच बदलण्याचा. यात पेटीचा प्रश्न तर आहेच, शिवाय कायद्याचाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दंडक स्पष्ट केला. पंधरा वर्षे झालेल्या गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला जावेच लागते, तेव्हा अशा हौसेचा हिशेब द्यावा लागतो. विम्याचा दावा अडतो तो निराळाच.

पाचवा मार्ग कोणी फारसा सुचवत नाही, कारण त्यात दिसण्यासारखे काही नाही. तो म्हणजे पेटीला निरोगी करण्याचा. तेल आणि त्याची जाळी बदलणे, केबल पुस्तकात दिलेल्या मापाला लावणे, आणि रेडिएटरच्या पुढे तेल निववण्याची एक लहान जादा जाळी बसवणे. तेल फार जुने व करपलेले असेल, तर ते एका दमात धुऊन काढण्यापेक्षा थोडे थोडे करून दोन-तीनदा बदलावे, असे अनुभवी लोक सांगतात. माझ्या मते जुन्या ऑटोमॅटिक गाडीवर पैसे खर्चायचेच असतील, तर पहिला रुपया येथे पडावा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाशी निगडित आहे. आपल्या जिल्ह्यातील उसाचा रस आणि मळी यांपासून होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळते, आणि त्याचे प्रमाण वाढत शेकडा वीसपर्यंत गेले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या कार्ब्युरेटरला हा बदल कोणी कळवलेला नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे वजनाने १४.७ भाग लागतात; वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पुरतात. कार्ब्युरेटर पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देत राहतो, म्हणजे मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि चढावर अडखळते. इंजेक्शनच्या गाड्या पुष्कळ अंशी स्वतः जुळवून घेतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट किंचित मोठा करून घ्यावा लागतो. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात व चिरतात, त्याही बदलाव्यात. त्यांतून गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडते, हे सांगून ठेवणे माझे कर्तव्य आहे.

सर्वांत स्वस्त ट्यूनिंग चालकाच्या हातात असते. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’शिवाय ‘२’ आणि ‘एल’ अशी अक्षरे असतात, ती शोभेसाठी नव्हेत. घाट लागण्यापूर्वीच ‘२’ लावावा, म्हणजे पेटी वर-खाली हेलपाटे घालत नाही, फेरे चढे राहतात आणि तेल कमी तापते. उतरतानाही तोच गिअर ठेवावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. चढावर वाहतूक तुंबली असता ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरण्याची सवय पुष्कळांना असते. ती सोडावी, हातब्रेक लावावा. तोलून धरलेल्या गाडीत कन्व्हर्टर नुसता तेल घुसळत असतो.

आता मास्तरांच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. तपासणीत कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांना सारखे आणि चांगले निघाले. म्हणजे ज्या इंजिनाला बदलायचे म्हणत होते, ते धडधाकट होते. टायर मात्र एक माप मोठे होते. स्टॉल टेस्टला फेरे सतराशेच आले, म्हणजे इंजिन जोर देत नव्हते. शोध घेता असे दिसले की, पूर्वी कोणीतरी नॉकिंग थांबवण्यासाठी टायमिंग बरेच मागे घेतले होते, आणि मिश्रणही पातळ होते. हे दोन्ही नीट केले, आणि पुन्हा परीक्षा घेतली. तेव्हा फेरे पुस्तकातील आकड्याच्याही बरेच वर गेले! इंजिनाच्या अशक्तपणाखाली पेटीचा दोष झाकून गेला होता. गार असताना त्या अशक्त इंजिनाला पेटी कशीबशी धरून ठेवत होती. घाटात तेल तापून पातळ झाले की तेवढेही तिला धरवत नव्हते. कार्ब्युरेटर एकदा बदलला गेला होता आणि त्या वेळी पेटीची केबल ढिली अडकवली होती. पाय पूर्ण दाबला तरी पेटीला वाटे, मालक सावकाश चालले आहेत; म्हणून ती तेलाचा दाब वाढवतच नसे. अशा पेटीपुढे मोठा कार्ब्युरेटर किंवा घासलेले हेड आणून ठेवले असते, तर ती पुढच्याच घाटात जळाली असती.

केबल मापाला लावली, तेल तीनदा बदलले, निववण्याची जाळी बसवली, टायर मूळ मापाचे घातले. एकूण खर्च मोठ्या इंजिनाच्या खर्चाच्या पासंगालाही पुरला नाही. गाडी काही तरुण झाली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या क्लचना एकदा करपण्याची खूण लागली आहे, ते पूर्ववत होत नसतात. पेटीचे आयुष्य किती उरले ते कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि मास्तरांना तसे सांगूनच ठेवले आहे. पण पुढच्या दिवाळीत ते पत्नीला घेऊन स्वतः गाडी चालवत पुण्याला गेले, आणि परत येताना खंबाटकीच्या पायथ्याशी त्यांनी ‘२’ लावला. मालमोटारींच्या मागून, तीस-पस्तीसच्या वेगाने, न थांबता ते वर आले. घरी पोहोचल्यावर त्यांनी मला फोन केला, आणि घाटाचे वर्णन मला दोनदा ऐकवले.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाच्या दारात अशी जुनी गाडी असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘पिकअप वाढवून द्या’ असे म्हणू नका. आधी विचारा, कॉम्प्रेशन किती आहे? पेटीचे तेल कोणत्या रंगाचे आहे? केबल मापाला आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच खिशात हात घाला.